च्युइंगमचं काम वीस मिनिटांचं

गाड्यावर सुटे पैसे नसले की दुकानदार रुपयाऐवजी एखादं च्युइंगम हातावर ठेवतो. ते मुलाच्या दप्तरात जातं आणि घरात दोन मतं सुरू होतात. आजी म्हणते, दात किडतील, पोटात चिकटून बसेल. दादा म्हणतो, मोबाइलवर वाचलंय, चघळल्याने मेंदूला रक्त जास्त जातं, परीक्षेला फायदा होतो. दोन्ही बोलण्यांत थोडं थोडं तथ्य आहे. पण कुठलं च्युइंगम, कधी आणि किती वेळ, हे सांगितल्याशिवाय दोन्ही मतं कुचकामी आहेत.

चघळून चघळून शेवटी तोंडात जे उरतं त्याला गम बेस म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तो चिकूच्या झाडाच्या चिकापासून करत. आपल्या परसात असतो तोच हा चिकू, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. न्यूयॉर्कच्या थॉमस अ‍ॅडम्स याने १८७१ मध्ये या चिकापासून च्युइंगम बनवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे मागणीला चीक पुरेना, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची जागा बहुतेक ठिकाणी कृत्रिम रबर आणि प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थांनी घेतली: पॉलिआयसोब्युटिलीन, पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेट, सोबत मेण आणि राळ. पाकिटावर ही नावं सहसा नसतात. सगळ्यांना मिळून ‘गम बेस’ एवढंच लिहिलेलं असतं.

हा बेस पाण्यात किंवा लाळेत विरघळत नाही, तेला-तुपात मात्र मऊ पडतो. तोंडात च्युइंगम असताना चॉकलेट खाल्लं तर च्युइंगमचा भुगा होतो, तो याचमुळे. बेस पचतही नाही. पण गिळला तर सात वर्षं पोटात राहतो ही भीती खोटी आहे. आतडी त्याला इतर न पचलेल्या अन्नाबरोबर पुढे ढकलतात आणि काही दिवसांत तो शौचावाटे बाहेर पडतो. अडचण होते ती रोज अनेक च्युइंगम गिळणाऱ्या लहान मुलांना. अशा मुलांच्या आतड्यात गोळा होऊन अडकल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शिवाय घशात अडकण्याचा धोका वेगळाच. म्हणून ‘गिळायचं नाही’ हे ज्या मुलाला कळत नाही आणि पाळता येत नाही, त्याच्या हातात च्युइंगम देऊ नये. साधारण पाच वर्षांखाली तर नाहीच.

आता लाळेकडे येऊ, कारण च्युइंगमचं खरं काम तिथे आहे.

आपण काहीही गोड किंवा पिठूळ खाल्लं की दातांवरच्या थरातले जंतू त्यातून आम्ल तयार करतात. पाच-दहा मिनिटांतच तिथला पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या आसपास किंवा त्याखाली जातो आणि दाताच्या इनॅमलमधलं, म्हणजे वरच्या कडक कवचातलं, कॅल्शियम व फॉस्फेट सुटायला लागतं. लाळ हळूहळू ते आम्ल मारते आणि सुटलेलं खनिज परत बसवते. याला अर्धा तास ते तासभर लागतो. जत्रेतलं गुळाच्या पाकात घोळवलेलं खाजं, चवथीच्या नेवऱ्या, दोदोल, हे दाढांच्या खाचांत चिकटून राहतं, तेव्हा हा वेळ आणखी लांबतो. दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकणाऱ्याच्या दातांना तर सावरायला उसंतच मिळत नाही.

स्वस्थ बसलेल्या माणसाची लाळ मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलीटर सुटते. च्युइंगम तोंडात टाकल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत ती दहापटीपर्यंत जाते. चव उतरते तशी ती कमी होते, तरी वीस मिनिटांपर्यंत दुप्पट-तिप्पट राहते. आणि ही लाळ नुसती जास्त नसते. चघळताना सुटणाऱ्या लाळेत बायकार्बोनेट जास्त असतं, म्हणून ती आम्ल लवकर मारते. त्यामुळे जेवणानंतर वीस मिनिटं साखरविरहित च्युइंगम चघळलं तर दातांवरचं आम्ल लवकर उतरतं. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मान्य केलेला फायदा हाच.

करायचं कसं? जेवण आटोपल्यावर पाचेक मिनिटांच्या आत एक गोळी तोंडात टाका. एका बाजूने चघळत बसू नका, दर एक-दोन मिनिटांनी बाजू बदला. ओठ मिटलेले ठेवा, नाहीतर हवा गिळली जाते आणि पोट फुगतं. वीस मिनिटं झाली की कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. चव गेली म्हणून दुसरी गोळी नको. पहिलीने काम केलेलं असतं, आणि तिथून पुढे जबड्याचे श्रम वाढतात, फायदा वाढत नाही.

सोलकढी, लिंबू सोडा, कोकम सरबत यांनंतर तर हा उपाय जास्तच उपयोगी. आंबट प्यायल्यावर इनॅमलचा वरचा थर थोडा वेळ मऊ झालेला असतो, त्यावर लगेच ब्रश फिरवला तर तो घासला जातो. अर्धा तास थांबा, मधल्या वेळात च्युइंगम चघळा किंवा निदान खळखळून चूळ भरा. पण ब्रशची जागा च्युइंगम घेत नाही, हे ठणकावून सांगायला हवं. दोन दातांच्या फटीतला आणि हिरडीच्या कडेचा थर त्याने निघत नाही. तोंडाचा वासही त्याने तेवढ्यापुरता झाकला जातो. वासाचं मूळ बहुधा जिभेवरच्या थरात किंवा हिरड्यांत असतं, तिथे जीभ साफ करणं आणि हिरड्या तपासून घेणं हाच इलाज.

दुकानात पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे जे जास्त ते आधी. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा ग्लुकोज सिरप असेल तर ते च्युइंगम दातांसाठी नाही. ती साखर पहिल्या काही मिनिटांत लाळेत उतरते आणि ज्या जंतूंना उपाशी ठेवायचं त्यांनाच जेवण मिळतं. रुपया-दोन रुपयांची बबलगम बहुतेक अशीच असतात.

साखरविरहित च्युइंगममध्ये नावाऐवजी आयएनएस क्रमांक, म्हणजे अन्नात मिसळायच्या पदार्थांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, असू शकतो. ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ४२१ मॅनिटॉल, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल. ९५१ हे अ‍ॅस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज. यांत दातांना सगळ्यात चांगलं झायलिटॉल. १९७०च्या दशकात फिनलंडमधल्या तुर्कू शहरात यावर मोठं काम झालं आणि तेव्हापासून ते दंतवैद्यांच्या यादीत आहे. कीड लावणाऱ्या मुख्य जंतूला ते पचवता येत नाही. सॉर्बिटॉल जंतू पचवतात, पण फार सावकाश, त्यामुळे ते निरुपद्रवी म्हणता येईल इतकंच.

खाचखळगा इथे आहे. झायलिटॉलचा असर हवा तर दिवसाला ५ ते ६ ग्रॅम, तीन वेळांत विभागून घ्यावं लागतं. पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरात ‘झायलिटॉलयुक्त’ आणि मागे यादीत सॉर्बिटॉल पहिलं, झायलिटॉल तळाशी, असं असेल तर एका गोळीत ते नावापुरतंच असतं. त्या च्युइंगमने लाळ सुटेल, आम्ल उतरेल. तेवढ्यासाठी ते ठीकच आहे, पण झायलिटॉलचे म्हणून जादा पैसे त्याला देऊ नयेत.

दुसरा खड्डा आंबट-गोड फळांच्या चवींचा. यादीत ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल किंवा २९६ म्हणजे मॅलिक आम्ल दिसलं तर साखर नसूनही ते च्युइंगम दातांवर आम्लच ओततं. पुदिना किंवा दालचिनीची चव घ्या.

अ‍ॅस्पार्टेमबद्दल लोक घाबरून विचारतात. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या २बी गटात टाकलं. त्याच वेळी अन्नात मिसळायच्या पदार्थांची सुरक्षितता तपासणाऱ्या समितीने रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम अशी होती तशीच ठेवली. ५० किलोच्या माणसाला ती २००० मिलिग्रॅम होते आणि एका च्युइंगममध्ये अ‍ॅस्पार्टेम असतं काही मिलिग्रॅम. फेनिलकिटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र ते टाळायलाच हवं, पाकिटावर तशी सूचना असते.

सॉर्बिटॉलचं उलट आहे, त्याची कोणी भीती घेत नाही आणि त्रास मात्र तेच देतं. ते आतड्यात नीट शोषलं जात नाही, पाणी ओढून घेतं. रोज वीसेक ग्रॅम पोटात गेलं तर जुलाब लागतात, पोट मुरडतं. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी असे दोन रुग्ण नोंदले. महिनोन्‌महिने जुलाब, वजन घटलेलं, तपासण्यांत काही सापडेना. शेवटी कळलं की दोघंही दिवसाला १८ ते ३० ग्रॅम सॉर्बिटॉल पोटात जाईल इतकं साखरविरहित च्युइंगम खात होते, त्यातला एक जण सोबत गोड गोळ्याही. ते थांबवल्यावर पोट ताळ्यावर आलं. एका गोळीत साधारण सव्वा ग्रॅम धरा. दिवसाला तीन-चार गोळ्यांना पोटाची तक्रार नसते, पाकीटच्या पाकीट संपवणाऱ्याला असते. ज्यांचं पोट मुळातच नाजूक आहे त्यांनी आणखी जपावं.

तोंड कोरडं पडणाऱ्यांना च्युइंगमचा फायदा सगळ्यांत जास्त, आणि गोव्यात हा विषय मोठा आहे. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघालं, प्रौढांमध्ये २६.४ टक्के. साखर ताब्यात नसली की तोंड कोरडं पडतं. त्यात रक्तदाबाच्या, अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी ते आणखी सुकतं. लाळ आटली की दातांच्या मुळांशी कीड लागते, आणि ती फार झपाट्याने पसरते. अशांनी दर जेवणानंतर साखरविरहित च्युइंगम जरूर चघळावं, जोडीला घोट घोट पाणी प्यावं. कवळी असेल तर साधं च्युइंगम तिला चिकटतं. मग झायलिटॉलच्या चघळायच्या गोळ्या बऱ्या.

जळजळीवरही थोडा उपयोग होतो. जेवणानंतर अर्धा तास चघळलं तर लाळ जास्त गिळली जाते आणि अन्ननलिकेत वर आलेलं आम्ल खाली धुतलं जातं. इथे पुदिना नको, त्याने काहींची जळजळ वाढते. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः सिझेरियननंतर, आतडी लवकर चालू व्हावीत म्हणून काही डॉक्टर च्युइंगम देतात, त्याला चांगला अभ्यासाचा आधार आहे, पण ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच. आणि चोर्ला घाट उतरताना किंवा मोपाला विमान खाली येताना कानांत दडे बसतात तेव्हा चघळल्याने गिळणं होतं, घसा-कान जोडणारी नळी उघडते, दडे सुटतात.

आता मेंदू. चघळताना मेंदूच्या काही भागांत रक्तप्रवाह वाढतो हे खरं आहे. पण त्यातले मुख्य भाग जबड्याची हालचाल आणि स्पर्श सांभाळणारेच असतात. बोटं हलवली तरी बोटांच्या भागात तसंच होतं. त्यावरून बुद्धी वाढली असं म्हणता येत नाही. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या ७५ जणांच्या एका प्रयोगात चघळणाऱ्यांना शब्द जास्त आठवले, आणि तिथून ही बातमी जगभर पसरली. नंतर इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसा फायदा पुन्हा दिसला नाही. २०१२ मध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांना तर उलटंच आढळलं: अक्षरांचा क्रम लक्षात ठेवायच्या चाचणीत चघळणारे मागे पडले. मनातल्या मनात यादी घोकताना तोंडाची हालचाल आड येते, हे त्याचं पटण्यासारखं कारण आहे.

टिकलेली गोष्ट एकच, ती म्हणजे तरतरी. कंटाळवाण्या, लांबणाऱ्या कामात च्युइंगम चघळणाऱ्याला झोप कमी येते आणि लक्ष थोडं जास्त वेळ टिकतं. जबड्याच्या हालचालीची जाणीव चेहऱ्याच्या नसेतून मेंदूच्या जागं ठेवणाऱ्या केंद्रांपर्यंत पोचते, असं याचं स्पष्टीकरण देतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लॉरेन्स विद्यापीठाच्या प्रयोगात ज्यांनी चाचणीच्या आधी पाच मिनिटं चघळलं त्यांना सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं फायदा झाला. चाचणी चालू असताना चघळणाऱ्यांना झाला नाही.

म्हणून दहावी-बारावीच्या पालकांना सांगणं एवढंच: केंद्राच्या गेटबाहेर पाच मिनिटं चघळू द्या, आत जाताना कचऱ्यात टाकायला लावा. घरी पाठांतर करताना नको. दुपारी जेवून वाचायला बसल्यावर डोळे मिटतात तेव्हा चालेल. आणि रात्री दोनपर्यंत जागवून सकाळी च्युइंगम देण्यात काही अर्थ नाही, झोपेचं काम ते करत नाही.

म्हाताऱ्या माणसांचा मुद्दा वेगळा आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. स्वीडनमध्ये ७७ वर्षांवरच्या लोकांच्या पाहणीत, ज्यांना सफरचंदासारखं कडक काही चावता येत नव्हतं त्यांची स्मरणशक्ती आणि समज घटलेली असण्याचं प्रमाण जास्त निघालं. यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे त्यावरून ठरत नाही. पण आईवडिलांच्या पडलेल्या दाढा ‘आता वयच झालं’ म्हणून तशाच ठेवू नयेत. त्यांना चावता येईल अशी कवळी किंवा दात बसवून द्या.

च्युइंगमचा अतिरेक केला की जबड्याच्या तक्रारी येऊ शकतात. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. नुसता ‘टक’ आवाज अनेकांचा होतो, पण आवाजाबरोबर दुखत असेल, सकाळी जबडा आखडलेला असेल किंवा झोपेत दात खात असाल तर च्युइंगम पूर्ण बंद. डोकं वारंवार दुखणाऱ्या मुलांना तर पहिला प्रश्न हाच विचारावा. २०१४ मध्ये इस्रायलमध्ये जुनाट डोकेदुखीच्या ३० मुलांचं च्युइंगम महिनाभर बंद केलं तेव्हा १९ जणांची डोकेदुखी पूर्ण थांबली आणि ७ जणांची कमी झाली. पुन्हा सुरू केल्यावर काही दिवसांत ती परत आली. औषधाआधी हा महिनाभराचा प्रयोग करून बघायला एक पैसा लागत नाही.

सुपारी खाणाऱ्यांसाठी एक तपासणी. कुळागरांच्या गोव्यात सुपारी घरचीच, म्हणून तिचा धोका कोणाला वाटत नाही, पण ती स्वतंत्रपणे कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरी. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही जात नसतील, तिखट लागल्यावर तोंडात आग होत असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ वाटत असेल, तर तोंड आखडण्याचा आजार सुरू झालेला असू शकतो. च्युइंगमने व्यायाम करून तोंड उघडेल अशी आशा धरून बसू नका. सुपारी त्याच दिवशी सोडा आणि बांबोळीच्या दंत महाविद्यालयात दाखवा.

तंबाखू किंवा सिगारेट सोडण्यासाठीचं निकोटिन गम हे औषध आहे, ते साध्या च्युइंगमसारखं चघळलं की हमखास फसतं. उचकी लागते, मळमळतं, घसा जळतो, आणि माणूस दोन दिवसांत ते टाकून पुन्हा बिडीकडे वळतो. कारण निकोटिन गालाच्या त्वचेतून रक्तात जायला हवं, ते लाळेबरोबर पोटात गेलं. सावकाश चावा, जिभेला चुणचुण लागली की थांबा आणि गोळी गाल व हिरडीच्या मध्ये ठेवा. चुणचुण गेली की पुन्हा थोडं चावा, आता दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, सोडा, सोलकढी काही नको, आम्लात निकोटिन शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट ओढणाऱ्याला ४ मिलिग्रॅमची गोळी लागते, इतरांना २ पुरते. गरोदर किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांबद्दल २०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या गटाने छोटी चाचणी केली. एका ग्रॅमला सरासरी १०० कण लाळेत उतरले, नैसर्गिक म्हणवणाऱ्या च्युइंगममध्येही जवळजवळ तितकेच, आणि बहुतेक पहिल्या आठ मिनिटांत. त्यांचा शरीरावर परिणाम किती, हे त्या चाचणीत पाहिलेलं नव्हतं. ज्यांना काळजी वाटते त्यांनी गोळ्यांची संख्या कमी करावी. एकच गोळी जास्त वेळ चघळल्याने कण फारसे वाढत नाहीत.

कपड्याला चिकटलं तर ओढू नका. कपडा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये तासभर ठेवा, कडक झालं की बोथट सुरीने खरवडा. केसांत अडकलं तर कात्री नको, खोबरेल तेल चोळा, दोन-तीन मिनिटांत बेस सैल होतो आणि बोटांनी ओढून निघतो. मग शॅम्पू. कदंबा बसच्या सीटखाली किंवा रस्त्यावर टाकलेलं मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहतं, ते कुजत नाही.

घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचं पाकीट उंच कपाटात ठेवा. माणसाला निरुपद्रवी असलेलं झायलिटॉल कुत्र्याच्या शरीरात एकदम इन्सुलिन सोडायला लावतं आणि रक्तातली साखर धोकादायक उतरते. वजनाच्या दर किलोला ०.१ ग्रॅम एवढंही पुरतं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम. अर्धा ग्रॅम दर किलोच्या वर यकृत निकामी होऊ शकतं. अर्धा-एक तासात ओकारी, झोकांड्या, मरगळ, आकडी अशी लक्षणं दिसतात, कधी उशिराही. लक्षणांची वाट न बघता पाकीट बरोबर घेऊन पशुवैद्याकडे निघा, कारण किती गोळ्या गेल्या आणि एका गोळीत किती झायलिटॉल आहे यावरच त्यांचा उपचार ठरतो. ओकारी काढण्यासाठी घरी मीठ-पाणी पाजू नका, त्याने वेगळंच विष चढतं.